ऑकलंडहून आई-बाबांना

ऑकलंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवणखाण नीट चाललंय, त्याबद्दल आता विचारू नका, फोनवर दिसतेच मी.

बाबा, तुम्ही अ‍ॅटलासवर दोरा धरून अंतर मोजलं आणि तेव्हापासून "पोरगी जगाच्या टोकाला गेली" असं साऱ्या कॉलनीत सांगून राहिले म्हणे. दोऱ्याने बरोबरच भरलं: नागपूर ते ऑकलंड सरळ रेषेत ११,९०० किलोमीटरच्या आसपास. मी आले मात्र १७,००० च्या वर, कारण आपल्या सोनेगाव विमानतळावरून सुटणारं विमान आधी उलट दिशेला, दोहाला जातं. ते २,८०० किलोमीटर, चार-साडेचार तास. तिथून ऑकलंड १४,५०० किलोमीटर, मध्ये कुठे न उतरता. येताना सोळा तास लागतात, परतीला तास-दीड तास जास्त. तेवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तो घरी येताना समोरून लागतो. मुंबई-सिंगापूरवरून आलं तर सगळं मिळून १३,००० च. म्हणजे काही झालंच, तर दीड-दोन दिवसांत मी प्रतापनगरला दारात उभी. हे टोक वगैरे काही नाही.

आई, मसाल्याची पाकिटं मी इथे उतरताना भरायच्या फॉर्मवर लिहिली होती. अधिकाऱ्याने उघडून पाहिली आणि परत दिली. लपवलं असतं तर ४०० डॉलर दंड.

इथे एक गोष्ट मला अजून उमगत नाही. लोक अनवाणी बाजारहाट करतात! गरिबी नाही, नवस नाही, सुतक नाही. चांगल्या घरची माणसं. परवा दुकानात एक बाई ट्रॉली ढकलत होती, नखांना लाल नेलपॉलिश, टाचांना समुद्राची वाळू, पायात काहीच नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. शाळेतली पोरंसुद्धा तशीच धावतात. आपल्याकडे मे महिन्यात डांबरावर असा पाय टाकला तर फोडच येतील. मी चप्पल घालूनच जाते, तू काळजी करू नको.

कर्जाचा हप्ता पाठवला, ऑपरेशनचेही पैसे त्यातच आहेत. काकांचे आधी देऊन टाका. बाबांच्या डोळ्याच्या वेळी मी तिथे हवी होते, हे मलाही कळतं. वहिनीने रजा काढून सगळं केलं, तिला मी वेगळं लिहिते आहे.

डिसेंबरात येणं जमत नाही. इथे तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या, तिकिटं फार महागतात. फेब्रुवारीत नक्की. अमरावतीच्या मंडळींना तोवर थांबवा, आणि मुलाची इकडे यायची तयारी आहे का ते आधी विचारा. नसेल तर पुढे बोलू नका. मी लग्नाला नाही म्हणत नाही, आई.

सप्टेंबरअखेर इथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेसात तासांचा. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे माझे पहाटेचे साडेचार. तरी नऊलाच फोन करा, मी उचलते. आणि बाबा, ड्रॉप चुकवू नका.

तुमची,
लेक