चकचकीत रेंडर नको, वायरफ्रेम दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालाचे दिवस आले की करिअरच्या पानांवर ‘गेमिंग’चे अभ्यासक्रम झळकू लागतात. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे, त्यामुळे ही चौकशी आणखी वाढेल. मात्र फी किती, जागा किती, नोकरी लागते का, एवढ्यावरच ती माहिती थांबते. गेमसाठी चित्रकाम करणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो आणि समोरचा क्लास ते शिकवतो की नाही हे पालकांनी कसे ओळखायचे, याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. गेम खेळण्यात पटाईत असणे आणि गेमची चित्रे घडवता येणे यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही. दुसऱ्या कामात पुन्हा पोटविभाग आहेत. कल्पनाचित्र काढणारा वेगळा, वस्तू आणि परिसर घडवणारा वेगळा, पात्रे घडवणारा वेगळा, त्यांच्यात हाडांचा सांगाडा बसवणारा वेगळा. ‘सगळे एका वर्षात’ शिकवतो म्हणणाऱ्या ठिकाणी यातले एकही धड होत नाही.

क्लासमध्ये भिंतीवर लावलेली किंवा मोबाइलवर दाखवली जाणारी चित्रे ही रेंडर असतात. संगणकाने एकेका चित्रावर कितीतरी मिनिटे खर्च करून ती काढलेली असतात. गेमला तेवढी सवड नसते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात पडद्यावरचे सगळेच काढायचे असते. म्हणून क्लासमध्ये एका विद्यार्थ्याचे एकच काम चार रूपांत दाखवायला सांगावे: वस्तूची वायरफ्रेम, म्हणजे ती किती आणि कशा त्रिकोणांनी बनली ते, तिचा यूव्ही, म्हणजे पृष्ठभाग उलगडून सपाट केलेला नकाशा, तिची टेक्सचर, म्हणजे त्या नकाशावर चढवलेली रंग-पोताची चित्रे, आणि शेवटी तीच वस्तू अनरियल, युनिटी किंवा गोडो इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालू असताना. चारही लगेच उघडून दाखवली तर क्लास काम शिकवतो. ‘ते पुढच्या सेमिस्टरला असते’ असे उत्तर आले तर फीचा विचार थांबवावा.

हे चार शब्द नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत, म्हणून एकच वस्तू शेवटपर्यंत नेऊन दाखवतो: पाणी तापवायचा तांब्याचा बंब. शिकण्यासाठी ही वस्तू फार चांगली आहे. मुख्य आकार सोपा, पण त्यात चिमणी, तोटी, कड्या, पाय, खालची जाळी, रिव्हेट असे सगळे येते. शिवाय धातू, काजळी, गंज आणि पाण्याचे क्षार एकाच जागी भेटतात.

सुरुवात टेपने होते. समजा, बंबाच्या पोटाचा व्यास ४० सेंटिमीटर आणि उंची ६० सेंटिमीटर आहे. ब्लेंडर या त्रिमिती आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच मापे घ्यावीत. फोटो ढगाळ दिवशी काढावेत. कडक उन्हात काढलेल्या फोटोतली सावली आणि चकाकी रंगाचाच भाग वाटू लागते आणि पुढे टेक्सचरमध्ये शिरते. आकार ताणून लहानमोठा केला असेल तर ‘अप्लाय स्केल’ करायला, म्हणजे ते नवे माप पक्के करायला, विसरू नये. नवशिक्यांचे बिव्हेल, म्हणजे घासून गोलसर केलेल्या कडा, एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो, अनरियल सेंटिमीटरमध्ये. निर्यात करताना एकक चुकले तर बंब एकदम शंभरपट मोठा नाही तर शंभरपट लहान होऊन समोर येतो.

पोटाच्या गोलाला बाजू किती द्यायच्या? १२ दिल्या तर काठावर कोपरे उघड दिसतात. ६४ दिल्या तर कुणाला जाणवणारही नाहीत असे त्रिकोण फुकट जातात. जवळून दिसणाऱ्या बंबाला २४ पुरेशा आहेत, त्यात पोटाच्या भिंतीचे फक्त ४८ त्रिकोण होतात. तोटीला ८ ते १०, कडीच्या जाडीला ६. रिव्हेटची डोकी लो पॉली, म्हणजे कमी त्रिकोणांच्या, मॉडेलमध्ये घडवायचीच नाहीत, कारण बंबाच्या बाह्यरेषेवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. ती नॉर्मल मॅपमधून, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या टेक्सचरमधून, येतात. असा बंब पीसीच्या गेमसाठी दोन-अडीच हजार त्रिकोणांत आणि मोबाइलसाठी सात-आठशेत आरामात बसतो. नेमका आकडा प्रत्येक गेमचा तांत्रिक आराखडा ठरवतो. आपण ठरवलेला आकडा का ठरवला, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

मग दुसरे, भरपूर त्रिकोणांचे हाय पॉली मॉडेल. खरे चित्रकाम इथे दिसते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने केलेले मठारकाम जवळून पाहिले तर ठोक्यांच्या खुणा ओळीने, एकमेकींना किंचित चाटून जातात. प्रत्येक खूण उथळ असते आणि दोन खुणा सारख्या नसतात. एकच गोल शिक्का यंत्रासारखा सगळीकडे उठवला की भांडे प्लॅस्टिकचे वाटते. पुण्याच्या तांबट आळीत अर्धा तास उभे राहून पाहिले तर हा फरक कळतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी हाही असाच खजिना आहे. फोटोची परवानगी आधी विचारावी आणि ती नसेल तर वहीत रेखाटावे. हात जास्त शिकतो तो रेखाटनानेच.

यूव्ही समजायला शिवणकाम आठवावे. अंगरख्याची शिवण उसवून कापड टेबलावर सपाट पसरावे, तसा बंबाचा पृष्ठभाग उलगडायचा. शिवण कुठे ठेवायची? खऱ्या बंबाला जिथे पत्र्याचा उभा सांधा असतो तिथेच, म्हणजे ती लपते. आता थोडे गणित. एका सेंटिमीटरला १०.२४ पिक्सेल, म्हणजे मीटरला १,०२४, हे प्रचलित प्रमाण धरू. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पोटाचा घेर १२६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पट्टी रुंदीला सुमारे १,२९० आणि उंचीला ६१४ पिक्सेल. १,०२४च्या नकाशात ती आडवी मावत नाही. २,०४८च्या नकाशात मावते आणि चिमणी, तोटी, पाय यांना भरपूर जागा उरते. जागा वाचवायची असेल तर पोटाचे दोन अर्धे एकावर एक ठेवता येतात, पण मग पुढचा डाग हुबेहूब मागेही उमटतो. शिवाय बेक करण्याआधी (हा टप्पा पुढे येतो) वरचा अर्धा नकाशाच्या चौकटीबाहेर बरोबर एक एकक, म्हणजे एका चौकटीइतका, सरकवावा लागतो. नाही तर दोन्ही अर्धे एकमेकांवर छापले जाऊन काळे चट्टे पडतात.

बेकिंग म्हणजे हाय पॉलीवरचे बारकावे लो पॉलीच्या नकाशावर उतरवणे. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो आणि कारणे ठरलेली असतात. जिथे कडा ‘हार्ड’, म्हणजे उजेड तीक्ष्ण तुटणारी, आहे तिथे यूव्हीही कापलेला हवा, नाही तर कडेवर रंगीत रेघ दिसते. यूव्हीच्या तुकड्यांत २,०४८च्या नकाशाला ८ ते १६ पिक्सेल अंतर हवे. ते कमी पडले तर लांबून पाहताना शेजारच्या तुकड्याचा रंग शिवणीतून झिरपतो, कारण लांबच्या वस्तूसाठी इंजिन नकाशाची छोटी, पुसट प्रत वापरते. लो पॉलीचे चौकोन बेकच्या आधीच त्रिकोणांत मोडून घ्यावेत. बेक करणाऱ्या सॉफ्टवेअरने कर्ण एकीकडून काढला आणि इंजिनाने दुसरीकडून, तर सपाट जागेवर फुलीसारखी सावली उमटते. रिव्हेट तिरके, ओढल्यासारखे आले तर केज, म्हणजे बेक करताना लो पॉलीभोवती धरलेले फुगीर कवच, तपासावा.

सगळ्यात फसवी चूक नॉर्मल मॅपच्या हिरव्या चॅनेलची, म्हणजे चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी हिरव्याची. ब्लेंडर आणि युनिटी नॉर्मल मॅप ओपनजीएल पद्धतीने वाचतात, अनरियल डायरेक्टएक्स पद्धतीने. दोन्हींत हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो. तो उलटवायचा राहिला आणि प्रकाश वरून आला, तर मठारलेले खळगे फोड आल्यासारखे फुगलेले दिसतात. प्रकाश बाजूने आला तर सगळे ठीक वाटते. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. नॉर्मल, रफनेस (पृष्ठभाग किती खरखरीत) आणि मेटॅलिक (धातू आहे की नाही) या नकाशांवरची एसआरजीबी खूण, म्हणजे ‘हे रंगाचे चित्र आहे’ असे सांगणारी, इंजिनात काढून टाकावी. हे नकाशे म्हणजे आकडे असतात. ती खूण राहिली की आकडे वाकतात आणि तांबे उगाच ओले नाही तर भुरकट दिसते.

आता रंग. शुद्ध तांब्याचा रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने (० ते २५५ पैकी) २५०, २०८, १९२ च्या आसपास, म्हणजे नवशिक्याला वाटतो त्यापेक्षा बराच फिकट. गडदपणा येतो तो आजूबाजूच्या प्रतिबिंबातून. तांब्याला मेटॅलिक १. काजळी, हिरवा गंज आणि तोटीखालचे पांढरे क्षार धातू नाहीत, त्यांना ०. मधला ०.५ सर्रास वापरू नये. वस्तू जिवंत होते ती रफनेसमध्ये. चिंच-मिठाने घासलेला बंब पुढून, हात पोचतो तिथे चकाकतो. तोटीच्या मागे आणि कडीच्या बगलेत घासणारीची बोटे शिरत नाहीत, तिथे तांबे काळपट राहते. काजळी चिमणीच्या तोंडाशी आणि खाली जाळीपाशी जमते. हे ज्याने पाहिले आहे तो रफनेस पुढे ०.३ आणि बगलेत ०.६ ठेवेल. तयार ‘ओल्ड कॉपर’ मटेरियल एका क्लिकवर लावणारा सगळीकडे सारखेच ओरखडे पाडेल, आणि काम पाहणाऱ्याला ते दोन सेकंदांत कळते.

शेवटी वजन. ४,०९६चे एक टेक्सचर दाबले (कॉम्प्रेस केले) नाही तर मेमरीत ६४ एमबी घेते, बीसी७ पद्धतीने दाबले तर १६. २,०४८चे दाबून ४. बंबाला तीन नकाशे लागतात: रंगाचा, नॉर्मलचा आणि तिसऱ्यात लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये अनुक्रमे सावली, रफनेस व मेटॅलिक. म्हणजे १२ एमबी, आणि छोट्या प्रती धरल्या तर १६. हेच ४,०९६मध्ये केले तर ६४ एमबी, तेही माजघराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका बंबासाठी. ‘फोर-के टेक्सचर’ ही जाहिरातीतली फुशारकी गेमच्या कामात बहुधा दोषच ठरते.

एवढे करायला लाखांची फी लागते का? ब्लेंडर मोफत आहे, चित्र काढायचे क्रिता मोफत आहे. माया आणि थ्रीडीएस मॅक्स या त्रिमिती सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना विद्यार्थ्यांना वर्षभर मोफत मिळतो आणि दरवर्षी वाढवता येतो, फक्त त्यावर व्यावसायिक काम करता येत नाही. असे असताना क्लासने पेनड्राइव्हवर ‘क्रॅक’ आवृत्ती हातात ठेवली तर तिथून उठावे. संगणकाला १६ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असेल तर शिक्षण निभते. वरचा बंब त्याहून साध्या यंत्रावरही होतो. दाब ओळखणारा छोटा पेन टॅब्लेट घ्यावा, पडदा असलेला महागडा नको. पैसे खर्च करायचेच तर आपल्या कामावर दर आठवड्याला बोट ठेवून चूक सांगणाऱ्या शिक्षकावर करावेत. मोफत व्हिडिओंत तेवढेच मिळत नाही.

चित्रकलेबद्दल थोडे आग्रहाने लिहितो. आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देणारी मुले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती शिकतात. घराघरात या परीक्षांकडे वाढीव गुणांची सोय म्हणून पाहिले जाते, पण गेम आर्टचा पाया हाच आहे. तांब्याच्या लोट्यावरचा उजेड पेन्सिलने पकडलेल्या मुलीला रफनेस समजावून सांगावा लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेमवर पहाडी चित्रशैलीचा प्रभाव आहे. असे काम सॉफ्टवेअरची बटणे पाठ करून होत नाही.

पोर्टफोलिओत तीन-चार पूर्ण कामे पुरतात, दहा अर्धवट नकोत. एकाच ट्युटोरिअलवरून वर्गातल्या सगळ्यांनी केलेले तेच लाकडी पिंप आणि तीच तलवार काम देणारे लगेच ओळखतात. नोकरीत असलेल्यांसाठीही एक सूचना: परदेशी गेमसाठी केलेले काम गोपनीयतेच्या करारामुळे परवानगीशिवाय दाखवता येत नाही, तेव्हा वर्षाला एखादे स्वतःचे काम करत राहावे.

आपल्या पुढच्या करिअर पुरवणीत अभ्यासक्रमांच्या तक्त्यासोबत एखाद्या विद्यार्थ्याचे काम त्याच्या संमतीने वायरफ्रेम, यूव्ही आणि इंजिनातल्या चित्रासह छापावे, ही विनंती. अर्धे पान पुरेल. त्यासाठी लागणाऱ्या मराठी टिपा आणि बंबाचे चारही टप्पे आम्ही विनामूल्य करून देऊ.

आपले,
गेम आर्ट क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे