लिव्हरपूलहून आई-बाबांस: एकाच घरातले लाल आणि निळे

लिव्हरपूल

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. रुग्णालयातल्या पाळ्या, जेवणखाण आणि इथली थंडी यांविषयी दर रविवारी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मागच्या फोनवर बाबांनी जो विषय काढला आणि मी घाईत असल्यामुळे जो अर्धाच राहिला, त्याचे उत्तर नीट लिहून द्यावे असे मनात होते. मी फुटबॉलच्या गर्दीत का जाते, तिथे दंगे होतात, माणसे चेंगरून मरतात, आणि एकट्या मुलीने अशा ठिकाणी जाण्याचे कारण काय, असे बाबांनी विचारले होते. आईने त्यात भर घातली की मी इथे येऊन कुठल्या तरी क्लबची झाले आहे. दोन्ही गोष्टींचे उत्तर एकच आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या शहरात नवीन माणसाला नाव विचारून होते न होते तोच दुसरा प्रश्न येतो: लाल की निळे? लाल म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लब आणि निळे म्हणजे एव्हर्टन. मी आधी सांगत असे की मला फुटबॉलमधले काही कळत नाही, तर लोक समजूतदारपणे मान हलवत आणि पुन्हा तोच प्रश्न विचारत. कोणता संघ चांगला खेळतो यावर हे ठरत नाही, ते घराण्यावरून ठरते. पण घराणे म्हणजे सगळे घर एका रंगाचे असेही नाही. शहराच्या अमुक भागात लाल आणि तमुक भागात निळे, अशी विभागणी नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या दोन क्लबांमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा धर्माचा भेद पिढ्यानपिढ्या चालत आला, तसेही इथे नाही. बाप निळा, आई लाल, थोरला मुलगा आईच्या बाजूला, धाकटी बापाच्या बाजूला, आणि सगळे एका टेबलावर जेवणारे, अशी घरे इथे सर्रास आहेत. माझ्या घरमालकीणबाई लाल आहेत आणि त्यांचे यजमान निळे. दोन संघांचा आपसातला सामना असतो त्या दिवशी दोघे सकाळपासून एकमेकांशी अगदी मोजके बोलतात आणि संध्याकाळी जो जिंकला असेल तो चहा करतो. हे सारे मी इतके विस्ताराने लिहिते आहे, कारण हे समजल्याशिवाय इथल्या गर्दीची भीती जाणार नाही. तिथे शेजारी बसलेला परका माणूस बहुधा शत्रू नसतो, कोणाचा तरी मेहुणा असतो.

या वैराचे मूळ बाबांना लगेच कळेल, कारण ते आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखे जागेवरून पेटलेले आहे. ॲनफिल्ड हे आज जगभर लिव्हरपूलचे मैदान म्हणून ओळखले जाते, पण १८८४ पासून तिथे एव्हर्टन खेळत असे आणि १८९१ साली लीगचे, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या इंग्लंडच्या साखळी स्पर्धेचे, विजेतेपदही त्यांनी तिथे असतानाच मिळवले. जॉन होल्डिंग नावाचा बिअरच्या धंद्यातला धनिक त्या क्लबचा कर्ताधर्ता आणि जागेचा मालकही होता. भाडे आणि जागेची विक्री यांवरून त्याचे क्लबच्या सभासदांशी बिनसले, आणि १८९२ मध्ये सभासद संघ घेऊन स्टॅनली पार्क या उद्यानापलीकडच्या गुडिसन पार्कला निघून गेले. होल्डिंगजवळ मैदान उरले आणि खेळणारे जवळजवळ कोणी नव्हते. जुने नाव त्याला मिळाले नाही, म्हणून त्याने शहराचेच नाव घेऊन नवा क्लब काढला, आणि त्यात सुरुवातीला बहुतेक खेळाडू स्कॉटलंडहून आणले. रुसून गेलेला आणि मागे राहिलेला असे हे दोन क्लब पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे पायी जाता येईल इतक्या अंतरावर नांदले. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, एव्हर्टनचा पुरुषांचा संघ नदीकाठच्या जुन्या गोदीवर बांधलेल्या नव्या स्टेडियमात गेला. गुडिसन पार्क पाडले जाईल अशी भीती होती, पण ते आता त्यांच्या महिला संघाचे घर झाले आहे, याचा मला, लाल असूनही, फार आनंद झाला.

यशाच्या बाबतीत धाकटा क्लब खूप पुढे निघून गेला. १९५९ मध्ये बिल शँकली प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत होता. कोळशाच्या खाणीच्या गावातून आलेल्या या स्कॉटिश माणसाने १९६२ मध्ये क्लबला वरच्या श्रेणीत नेले, १९६४ मध्ये लीग जिंकून दिली आणि पुढच्याच वर्षी क्लबचा पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेचा चषक, आणला. डोक्यापासून पायापर्यंत लाल पोशाखही त्यांच्याच काळातला. १९७४ मध्ये ते अचानक निवृत्त झाले आणि त्यांचे शांत स्वभावाचे सहायक बॉब पेझली यांनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप (युरोपभरच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) जिंकले. मला शँकलींपेक्षा पेझलींविषयी अधिक आदर वाटतो, कारण गाजलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसून स्वतःचा गाजावाजा न करता त्याच्याहून अधिक काम करणे कठीण असते. आज क्लबच्या नावावर सहा युरोपियन विजेतेपदे आणि वीस लीग विजेतेपदे आहेत. १९९० नंतर मात्र लीगसाठी तीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि २०२० मध्ये ती मिळाली तेव्हा महामारीमुळे स्टेडियम रिकामे होते.

आता दादाचे उत्तर. तो लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घालून फिरतो आणि मी पक्ष बदलला म्हणून चिडवतो. त्याला सांगा की हे वैर घरातले नाही, ते दोन शहरांचे आहे आणि त्याची मुळे व्यापारात आहेत. मँचेस्टरचा कापूस आणि कापड लिव्हरपूलच्या बंदरातून जात असे आणि बंदराचे शुल्क तिथल्या कारखानदारांना जाचक वाटे. १८९४ मध्ये मँचेस्टरने स्वतःचा जहाज कालवा उघडला आणि समुद्रातली जहाजे लिव्हरपूलला टाळून थेट आत जाऊ लागली. युनायटेडच्या चिन्हावर जे जहाज आहे, त्याकडे इथले लोक याच नजरेने पाहतात. दोन्ही क्लबांची लीग विजेतेपदे आज वीस-वीस अशी बरोबरीत आहेत, तेव्हा दादाने फार बोलू नये. १९६४ नंतर एकही खेळाडू या दोन क्लबांमध्ये थेट विकला गेलेला नाही. तरी युनायटेडला मोठे करणारे मॅट बझ्बी हे महायुद्धापूर्वी लिव्हरपूलकडून खेळत होते, हे त्याला ठाऊक नसेल. या वैरात दुर्घटनांमध्ये मेलेल्या एकमेकांच्या माणसांवरून चिडवणाऱ्या घोषणाही दिल्या जातात, ते मात्र मला सहन होत नाही, आणि दोन्ही क्लबांनी त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे.

बाबांनी वाचलेल्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी झाकणार नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमात लिव्हरपूलचे काही प्रेक्षक दुसऱ्या बाजूवर चालून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यांतले बहुतेक इटलीच्या युव्हेंटस क्लबचे चाहते होते. त्यानंतर सगळ्या इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धा बंद झाल्या. त्याच वर्षी लीग जिंकलेल्या एव्हर्टनलाही युरोपियन कप खेळता आला नाही, आणि घरमालक काकांच्या मनात तो सल अजून आहे. दुसरी घटना १५ एप्रिल १९८९ची, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावरची. आधीच भरलेल्या कठड्याच्या आत पोलिसांनी आणखी गर्दी सोडली आणि त्या चेंगराचेंगरीत सापडलेल्या लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचे प्राण गेले. ‘द सन’ या वर्तमानपत्राने मृतांच्या सोबत्यांवरच घाणेरडे आरोप छापले. म्हणून आजही या शहरातल्या कितीतरी दुकानांत ते ठेवले जात नाही. कुटुंबांनी सत्तावीस वर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवले, तेव्हा २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की ती माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता.

पण बाबा, त्या घटनेनंतरच्या आठवड्यात काय झाले तेही वाचा. गुडिसन पार्कपासून ॲनफिल्डपर्यंत, मधल्या स्टॅनली पार्कमधून, लोकांनी लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधून सलग माळ केली होती. मी ज्या उद्यानातून कामावर जाते तेच हे उद्यान. आज मैदानावर उभे राहण्याचे जुने कठडे गेले आहेत, प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची असते, आणि मी नेहमी घरमालकीणबाईंच्या नात्यातल्या बायकांबरोबर जाते. आईला हेही सांगा की ॲनफिल्डच्या ज्या बाजूला ‘कॉप’ म्हणतात, तिचे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून पडले आहे. जानेवारी १९०० मध्ये तिथल्या लढाईत या भागातले अनेक सैनिक मेले, आणि त्याच रणांगणावर गांधीजी भारतीय रुग्णवाहक पथकातून जखमींना वाहून नेत होते. सामन्याआधी सगळे स्टेडियम उभे राहून एक गाणे म्हणते, तेव्हा मला हे दरवेळी आठवते.

तिकिटांच्या खर्चाची काळजी करू नका. २०१६ मध्ये क्लबने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून बाहेर गेले आणि क्लबला तो बेत मागे घ्यावा लागला. माझी जागा सभासदांच्या सोडतीत क्वचितच लागते. एरवी मी महिला संघाचे सामने पाहते, त्यांची तिकिटे पुष्कळ स्वस्त असतात. घरच्या पैशांतून मी यासाठी काही काढत नाही. गृहकर्जाचा हप्ता दरमहा वेळेवर जाईल, आणि बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी रक्कम दादाच्या खात्यात पाठवली आहे. रुग्णांच्या डोळ्यांत औषध घालताना मला हे जाणवते की माझ्या बापाच्या डोळ्यांत ते घालायला मी तिथे असणार नाही. ते काम दादाला नीट शिकवा; थेंब घालण्यापूर्वी हात धुवायचे आणि बाटलीचे टोक डोळ्याला लागू द्यायचे नाही.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. हे फोनवर सांगायचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहिते आहे. रजा एकदाच लांब घेता येते आणि ती मी लग्नासाठी राखून ठेवली आहे, तेव्हा मुहूर्त ठरताच तारीख कळवा. वहिनीच्या साडीचे पैसे माझ्याकडून असतील आणि ती आईनेच निवडावी. आत्याने सुचवलेल्या स्थळाबद्दल एवढेच म्हणते की मुलाची पत्रिका पाठवण्याआधी त्याला माझी इथली नोकरी चालेल का हे स्पष्ट विचारावे. मी नकार देत नाही. पण आणखी दोन वर्षे तरी इथून निघण्याचा माझा विचार नाही, आणि हे ऐकून आईला वाईट वाटेल हे मला माहीत आहे.

आजीला नमस्कार, चिमणीला पापा.

तुमची लेक