मायक्रोस्कोपवाल्या पोस्टबद्दल

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला, "प्रोफेसरशिपचा नाद सोडून मायक्रोस्कोप टेक्निशियन होणार का?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज नीट लिहायला बसले.

इथे जर्मनीत 2007 पासून एक कायदा आहे, युनिव्हर्सिटीतल्या रिसर्चर्सना पीएचडी होईपर्यंत 6 वर्षं आणि झाल्यावर 6 वर्षं असं मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर ठेवता येतं, मूल असेल तर दोन वर्षं वाढवून मिळतात, आणि त्यानंतर एकतर पर्मनंट नाहीतर कुणाच्या तरी प्रोजेक्टच्या पैशावर, तो संपला की आपणही संपलो. आणि पर्मनंट म्हणजे जवळजवळ प्रोफेसरच, मधली पोस्ट शोधून सापडत नाही. सरकारने हे समजावायला हॅना नावाच्या मुलीचा कार्टून व्हिडिओ काढला होता, माणसं बदलत राहिली नाहीत तर सिस्टीम तुंबते म्हणे. 2021 च्या जूनमध्ये हजारो रिसर्चर्सनी ट्विटरवर 'मीच हॅना' म्हणून आपापल्या कहाण्या लिहिल्या, मी त्या रात्रभर वाचत बसले होते रे, रडू आलं.

आता माझं सांगते. गेल्या वर्षी मायक्रोस्कोपखाली माझ्या पेशींचा फोकस सरकत होता, दोन आठवडे मी सॉफ्टवेअर बघतेय, सॅम्पल बदलतेय, काही होईना. आमच्या मायक्रोस्कोप फॅसिलिटीतले टेक्निशियन काका आले, पाच मिनिटं नुसते उभे राहिले, मग स्टेजवर, म्हणजे सॅम्पल ठेवतात तिथे, हात धरला आणि म्हणाले हवा लागतेय. एसीची हवा थेट तिथे येत होती! एक पुठ्ठा चिकटवला, फोकस सरकणं बंद. सव्वीस वर्षं ते त्या खोलीत आहेत मंद्या, आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पेपरांमागे त्यांचे हात आहेत, आणि दर तीन वर्षांनी माणूस बदलला असता तर हे कुणाला कळलं असतं?

एमएस्सीला आपण खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो आठवतंय? 45 मीटरच्या डिश बघून तू फोटो काढत सुटलास आणि मी रिसीव्हर दाखवणाऱ्या इंजिनिअरशीच बोलत बसले, कुठल्या अँटेनाला पावसाळ्यात काय होतं हे त्यांना पाठ होतं. तेव्हाच मला असं काम हवं होतं बहुतेक, फक्त त्याला नाव नव्हतं माझ्याकडे.

तर, काका मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यांच्या जागेची जाहिरात निघालीये, आणि त्यात 'उनबेफ्रिस्टेट' लिहिलंय, म्हणजे मुदत नसलेली. स्वतःचा ग्रुप नसेल, पेपरात नाव शेवटून कुठेतरी किंवा नुसतं आभारात, हे माहितीये मला, आणि त्याचं वाईट वाटतंच. पण इमेजिंग मला येतं, शिकवायला आवडतं, आणि पुढच्या वर्षी कुठल्या गावात असू हा प्रश्न मला आता नकोय. मी हरले म्हणून नाही भरत फॉर्म, एवढं तरी तू समजून घे.

शुक्रवारी अर्ज टाकतेय. आईकडे जाशील तेव्हा आधी फक्त पर्मनंट आहे एवढंच सांग, बाकीचं मी रविवारी फोनवर सांगते तिला.

तुझी,
अनू