सूचना : बी विंगच्या जिन्याखालचं पिल्लू

सभासदांना नमस्कार. काल बी विंगच्या जिन्याखाली मांजरीचं पिल्लू सापडलं. सहा तास लांबून वाट पाहिली, आई फिरकली नाही, म्हणून ते वॉचमनच्या खोलीत खोक्यात ठेवलंय. डोळे नुकतेच उघडलेत, म्हणजे वय जेमतेम दोन आठवडे.

कृपया त्याला पिशवीचं दूध पाजू नका. माया कळते, पण ते पचत नाही, जुलाब होतात आणि एवढासा जीव त्यातच जातो. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणली आहे. दर ३ तासांनी, पोटावर ठेवूनच पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. अंग गार लागलं तर आधी ऊब द्या, दूध नंतर. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आहे, निवली की बदला. पाजल्यावर ओल्या कापसाने पुसून शी-शू करवावी लागते. (या कामाला अजून कोणी हात वर केलेला नाही.)

रात्री ११ आणि २ च्या पाळीला माणूस हवा आहे, नाव ग्रुपवरच कळवा. भावंडंही आसपास असू शकतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

– सचिव