खुले पत्र: स्टेव्हियाचं पान तपासायचं कुठे?

प्रति,
माननीय उद्यानिकी व अन्नप्रक्रिया मंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

इंदूरजवळ सांवेर तहसिलीत आमची सोयाबीन-गव्हाची शेती आहे. आईला मधुमेह, म्हणून पडवीत स्टेव्हियाची दोन रोपं लावली होती. वाळलेलं पान चुरून टाकलं की तिचा चहा गोड व्हायचा. तेवढ्यावरून धीर आला आणि पाव एकरात 8,000 रोपं लावली. रोपं देणाऱ्यानं "सगळा माल आम्हीच उचलू" असं लिहून दिलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचलं, निम्मी रोपं मुळाशी कुजली. पुढच्या वर्षी उंच गादीवाफे केले, ठिबक टाकलं. दिवस लहान होऊ लागले की स्टेव्हियाला कळ्या धरतात, आणि फूल आलं की पानातली गोडी उतरते. म्हणून आई, बायको आणि मी ओळीनं कळ्या खुडत होतो. आईची बोटं हिरवी व्हायची, रात्री भाकरी मोडली की तीही गोड लागायची. पान सावलीत वाळवलं. आणि मग रोपवाल्याचा फोन लागेना. दुसऱ्या व्यापाऱ्यानं मुठीतलं एक पान चघळलं, "कडू आहे" म्हणाला आणि भाव निम्म्यावर आणला.

साहेब, कडवटपणा स्टेव्हियात असतोच. पानाला गोडी देणारी मुख्य द्रव्यं दोन: स्टेव्हिओसाइड जास्त तर कडवटपणा जास्त, रिबॉडिओसाइड-ए जास्त तर कमी. पण कशाचं प्रमाण किती, हे जिभेवर ठरत नाही. 2015 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मान्यता दिली ती पानातून काढलेल्या, साखरेच्या 200 ते 300 पट गोड अर्काला. कारखान्याला हवा अर्क, आम्ही विकतो पान. त्यात किती टक्के गोडी आहे याचा कागद हाती नसला, की भाव शेतकऱ्याचाच पडतो.

इंदूरच्या ज्या आवारात 1924 साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी संशोधन संस्था काढली, जिथून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली, तिथं आज कृषी महाविद्यालय आहे. तिथंच ठरलेल्या शुल्कात पान तपासून दाखला मिळावा. नीमच मंडीत अश्वगंधेचा लिलाव होतो, तसा त्या दाखल्यावर स्टेव्हियाचाही व्हावा. खरेदीचं वचन देऊन रोपं विकणाऱ्यांची आपल्या खात्याकडे नोंद असावी, अनामत घेऊन. रोपांवरच्या अनुदानाचं नंतर पाहू.

माळ्यावर अजून चार पोती पान आहे. नमुना घेऊन मी भोपाळला यायला तयार आहे. वेळ कळवावी.

आपला,
सांवेर तहसिलीतला एक शेतकरी