तक्रार: तुमच्या इंटरफेसमुळे माझी गिटार आणि गाणं मिडी ड्रमच्या मागे पडतंय

नमस्कार सपोर्ट टीम,

हा माझा पाचवा मेल. आधीच्या चारपैकी तीन मेलना "बफर साइज (आवाजाचा किती मोठा तुकडा एका वेळी हाताळायचा ते सेटिंग) कमी करून बघा" यासारखी वरवरची उत्तरं आली आणि चौथ्याला तर उत्तर न देताच तिकीट बंद केलंत, म्हणून यावेळी सगळं पहिल्यापासून लिहितोय. लांबलाय, माहितीये. पण मेहरबानी करून ज्याला ड्रायव्हरमधलं (इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅममधलं) कळतं अशा माणसाकडे हा मेल जाऊ द्या, ठरलेली उत्तरं चिकटवणाऱ्याकडे नको.

मी घरी गाणी करतो. प्रोफेशनल नाही, नोकरी सांभाळून रात्री बसतो. ड्रम, बेस आणि थोडे स्ट्रिंग्स (व्हायोलिनसारखी वाद्यं) मिडीवर, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना देऊन, बनवतो आणि त्यावर गिटार नि आवाज खरा रेकॉर्ड करतो, म्हणजे लाखो लोक घरोघरी करतात तेच. त्यासाठी तुमचा दोन इनपुटवाला यूएसबी इंटरफेस, म्हणजे गिटार-माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, घेतला, एका इनपुटला गिटार, दुसऱ्याला कंडेन्सर माइक. आवाजाच्या क्वालिटीबद्दल माझी काहीच तक्रार नाही हे आधीच सांगतो. प्रीअँप (आवाज वाढवणारा भाग) स्वच्छ आहे, माइकला लागणारं ४८ व्होल्ट फँटम नीट येतं, गिटारसाठी हाय-झेड बटण दाबलं की पिकअपचा वरचा चकचकीतपणा शाबूत राहतो. वस्तू वाईट नाहीये, म्हणून तर अजून परत न पाठवता तुमच्याशी डोकं लावत बसलोय.

झालं असं की पहिलं गाणं पूर्ण करून बायकोला ऐकवलं तर ती म्हणाली, "छान आहे, पण गाणं दमल्यासारखं वाटतंय." तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, पण नेमकं तिनेच पकडलं. मी परत ऐकलं तर खरंच, ड्रम पुढे चाललाय आणि गिटार त्याच्या मागून पाय ओढत येतेय. मला वाटलं मीच तालात कच्चा. तीन आठवडे, खोटं नाही सांगत, तीन आठवडे रोज मेट्रोनोम लावून तोच स्ट्रमिंग पॅटर्न घासला. पंखा बंद, खिडकीला रजई लटकवलेली, घामाघूम, आणि टेक वर टेक. प्रत्येक टेक मागेच. गंमत म्हणजे वाजवताना हेडफोनमध्ये सगळं चपखल बसल्यासारखं वाटायचं आणि प्ले केलं की मागे. तेव्हा कुठे डोक्यात आलं की चूक माणसाची असती तर कधी पुढे झाली असती, कधी मागे. दरवेळी एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढीच चूक माणूस सहसा करत नाही, ते मशीनचं काम वाटलं.

आता तुमच्या लोकांनी जो घोळ घातलाय तो. लेटन्सीच्या, म्हणजे उशिराच्या, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, मी तार छेडली आणि ती हेडफोनमध्ये किती उशिरा ऐकू आली. ती बफरने कमी होते, मान्य, ४४१०० सँपल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४४१०० नमुने) १२८ सँपलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे ११.६, आणि हा खर्च येताना एकदा जाताना एकदा असा दोनदा होतो. माझी तक्रार याबद्दल नाहीच. माझी तक्रार दुसरी आहे, ती म्हणजे रेकॉर्ड झालेली क्लिप टाइमलाइनवर कुठे ठेवली गेली. येण्याजाण्यात वेळ जाणारच हे सॉफ्टवेअरला माहीत असतं, म्हणून ते ड्रायव्हरला विचारतं की बाबा तुझा एकूण उशीर किती, आणि जो आकडा मिळेल तेवढी क्लिप आधीच्या वेळेकडे सरकवून जागेवर बसवतं. ड्रायव्हरने आकडा खरा सांगितला तर बफर १०२४ असला तरी क्लिप बरोबर जागी बसते. तुमचा ड्रायव्हर आकडा खोटा सांगतो. बस, एवढीच तक्रार आहे, बाकी सगळा याचा पुरावा.

पुरावा असा. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल काढली आणि त्याच्याच इनपुटमध्ये खुपसली, डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुटचा आवाज थेट हेडफोनला देण्याची सोय) बंद केलं, सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर क्लिकची ऑडिओ फाईल ठेवली आणि ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली. यात माझे हात नाहीत, माझा ताल नाही, फक्त केबल आहे. दोन्ही क्लिक एकावर एक पडायला हवे होते. झूम करून सँपल मोजले तर दुसरा क्लिक ६११ सँपल उशिरा, म्हणजे १३.९ मिलिसेकंद. तुमचा ड्रायव्हर एकूण लेटन्सी ५०३ सँपल सांगतो, खरी निघते १११४. निम्म्याहून जास्त हिशेब कुठेतरी दडवलाय. कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) वेळ आणि यूएसबीचा आतला सेफ्टी बफर धरलाच नसावा असा माझा अंदाज आहे, पण ते तुम्ही बघायचं, ते माझं काम नाही.

१४ मिलिसेकंदाने काय होतंय असं तुमच्या एका माणसाने फोनवर विचारलं होतं. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे ड्रमर माझ्यापासून पावणेपाच मीटर लांब बसल्यासारखं झालं. तेही एकवेळ चाललं असतं हो. पण घरी आपण एकावर एक थर चढवत जातो ना. मी गाताना ड्रम धरत नाही, गिटार धरतो. गिटार आधीच १४ मागे, मी त्या मागे पडलेल्या गिटारवर अगदी बरोबर गायलो तरी गाणं अजून १४ मागे जाऊन बसतं, म्हणजे ड्रमपासून २८. मग मुख्य आवाज ऐकत हार्मनी गायली की ४२. व्याजावर व्याज चढल्यासारखं! किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि गिटारचा स्ट्रम एकत्र पडायला हवेत तिथे दोन वेगळ्या थापा ऐकू येतात, आणि माझं गाणं ९६ बीपीएमचं (मिनिटाला ९६ ठोक्यांचं) आहे, त्यात एक सोळावी मात्रा जेमतेम १५६ मिलिसेकंदांची. चौथ्या थराला तुम्हीच बघा काय उरतं.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात "झिरो लेटन्सी मॉनिटरिंग" लिहिलंय आणि तुमच्या दुसऱ्या उत्तरात तेच वापरायला सांगितलंत. अहो, डायरेक्ट मॉनिटरिंगने माझा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट माझ्या कानात येतो, त्याने ऐकण्याचा प्रश्न सुटतो. क्लिप कुठे ठेवायची हे त्याला विचारतंय कोण? उलट तेव्हा ऐकताना सगळं परफेक्ट वाटतं आणि रेकॉर्डिंग तेवढंच मागे, त्यामुळे माणूस जास्तच चक्रावतो. शिवाय डायरेक्ट मॉनिटरिंगवर सॉफ्टवेअरमधल्या अँपचा इफेक्ट लागत नाही, डिस्टॉर्शनवाला भाग कोरड्या, टिणटिण वाजणाऱ्या गिटारवर वाजवायचा म्हणजे मूडच जातो, पण ते राहू दे.

बफर कमी करून पण बघितलाय. ६४ ला चूक ५९८ सँपल, ३२ ला आवाज तडतडायला लागला आणि चूक तरीही सहाशेच्या आसपासच. ५१२ ला पण तेवढीच. म्हणजे बफरचा आणि या चुकीचा काही संबंध नाही हे तुमचाच सल्ला पाळून सिद्ध झालं, त्याबद्दल आभार.

पुढचा सल्ला तर कहर होता, हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला लावा आणि इंटरफेस फक्त इनपुटला ठेवा. मग दोन उपकरणं आणि दोन घड्याळं झाली की. दोघंही ४४१०० म्हणत असले तरी दोघांच्या घड्याळांचे क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात, दहा लाखात ५० चा फरक धरला तरी चार मिनिटांच्या गाण्यात १२ मिलिसेकंदांची तफावत पडते, आणि ती हळूहळू वाढत जाणारी, म्हणजे सुरुवातीला एक चूक आणि शेवटी वेगळीच. हे ज्याने सुचवलं त्याने स्वतः घरी कधी एक तरी ट्रॅक रेकॉर्ड केलाय का हे जाणून घ्यायला आवडेल.

आणि मिडीवर ढकलणं तेवढं थांबवा. "मिडी ट्रॅक करप्ट असू शकतो, फाईल पाठवा, आवाज तपासतो" असं लिहून आलं होतं. मिडी फाईलमध्ये आवाज नसतो हो! १९८३ पासून मिडी हे असंच आहे, कोणता नोट, केव्हा, किती जोरात (० ते १२७), केव्हा सोडला, एवढ्या सूचना. आवाज सॉफ्टवेअरमधलं वाद्य बनवतं. माझे ड्रम मी माउसने ग्रिडवर (मात्रांच्या रेघांवर) एकेक करून ठेवलेत, ते हलणार कुठे? तरी तुमच्या समाधानासाठी ड्रमचा ट्रॅक ऑडिओमध्ये बाउन्स करून, म्हणजे त्याची ऑडिओ फाईल बनवून, ग्रिडशी ताडून बघितला, प्रत्येक किक जिथल्या तिथे. "मग मिडीच १४ मिलिसेकंद उशिरा सरकवा" असंही तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं. घराचं दार वाकडं बसलंय म्हणून घर वाकडं करा म्हणण्यातला प्रकार झाला हा, आणि मागच्या हिशेबाने गिटारसाठी १४ सरकवलं तर आवाजाचं काय, हार्मनीचं काय?

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड ऑफसेट (क्लिप किती सरकवायची तो आकडा) हाताने भरायची सोय असते, ६११ टाका आणि मोकळे व्हा. मी तेच केलं, दोन दिवस आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी परत मागे! पुन्हा केबल लावून मोजलं तर चूक ७३९. यूएसबी काढून परत लावली, ५४७. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, ६२३. सेटिंग तेच, सँपल रेट तोच, केबल तीच. म्हणजे आकडा खोटा आहे तो आहेच, वर दरवेळी नव्याने खोटा. एकच खोटं कायम बोलणाऱ्याबरोबर निभावता येतं, रोज बदलणाऱ्याचं काय करायचं? सध्या मी रोज रात्री बसलो की आधी इंटरफेसच्या मागच्या बाजूला चाचपडत केबल लावतो, क्लिक मोजतो, ऑफसेट भरतो, केबल काढतो, माइक लावतो, आणि तोवर गाण्यात सुचलेलं जे काही असतं ते विरून गेलेलं असतं.

लॅपटॉपचा दोष म्हणू नका. मित्राचा दुसऱ्या कंपनीचा इंटरफेस आणून याच लॅपटॉपवर, याच सॉफ्टवेअरमध्ये, याच केबलने मोजला, चूक ३ सँपल, दहा वेळा काढून लावला तरी ३ च. तुमचा इंटरफेस त्याच्या कॉम्प्युटरवर नेला तर तिथेही पाचशे ते सातशेच्या मध्येच नाचत होता. यानंतरही शंका असेल तर तुमच्या ऑफिसमध्ये एक केबल नक्की सापडेल, पाच मिनिटांचं काम आहे, स्वतः करून बघा.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. ड्रायव्हर दुरुस्त करा, आणि आकडा मोठा असला तरी हरकत नाही, खरा आणि कायम तोच असू द्या. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तारीख सांगा, "टीम यावर काम करत आहे" हे वाक्य मला नको. आणि हार्डवेअरमध्येच काही असेल आणि दुरुस्त होणारच नसेल तर वॉरंटी अजून सात महिने शिल्लक आहे, तीस दिवसांत वस्तू परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. दुसरा तसाच पीस बदलून देणार असाल तर पाठवायच्या आधी केबलची टेस्ट करून आकडा मला कळवा, नाहीतर तोच त्रास नव्या डब्यात भरून मिळेल.

सोबत दहा वेळा केलेल्या टेस्टच्या ऑडिओ फाईल, ड्रायव्हरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट आणि मित्राच्या इंटरफेसची टेस्ट जोडलीये. जुनं तिकीट पुन्हा उघडा, नवीन काढू नका, नाहीतर पुन्हा पहिल्या पायरीवरून "कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पाहिलात का" सुरू होईल. फोन करायचा असेल तर रात्री नऊच्या आधी करा, नऊनंतर माइक चालू असतो.

तुमचा अजूनपर्यंतचा ग्राहक