रिकाम्या रकान्याविषयी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून कुरकुरते, त्यावर उपाय सुचवू नकोस. परवा आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसची पीजी-एचबीए फाइल, म्हणजे कोणाला कुठून आणि कसे आत घ्यायचे याच्या नियमांची फाइल, तपासली गेली. ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ या व्ह्यूमधला, म्हणजे त्या फाइलमधले नियम ओळीने दाखवणाऱ्या तक्त्यातला, एररचा रकाना सगळ्या ओळींपुढे रिकामा निघाला आणि तेवढ्यावर माना डोलावून बैठक उरकली. इथे कोणाला काही बोललो तर मला शंकासुर म्हणतील. तुला सांगतो, कारण हा किडा डोक्यात सोडणारा तूच.

फाइलमध्ये अगदी वर चाचणीसाठी कधीतरी घातलेली ओळ आहे: होस्ट, ऑल, ऑल, १०.०.०.०/८ आणि शेवटी ट्रस्ट. अर्थ असा, की १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या पट्ट्यातून कोणीही कोणत्याही डेटाबेसकडे आले तरी पासवर्ड न विचारता आत घ्या. तिच्याखाली स्क्रॅम या सुरक्षित पद्धतीने पासवर्ड मागणाऱ्या नेटक्या ओळी. व्याकरणात एकही चूक नाही, म्हणून एररही नाही. पण पोस्टग्रेस वरून खाली वाचताना जुळलेली पहिलीच ओळ धरते आणि पुढे पाहत नाही. म्हणजे त्या पट्ट्यातून येणाऱ्याला सुपरयूजरचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, नाव सांगूनही पासवर्डाविना आत शिरता येते, आणि त्याच पट्ट्यासाठी लिहिलेल्या खालच्या ओळी निव्वळ शोभेच्या.

‘व्ह्यू कसले बघतोस, ओळी वाच,’ हे तुझे जुने पालुपद आठवले. तरीही त्या भांडणात मी हार मानलेली नाही. २०१७ साली दहाव्या आवृत्तीत हा व्ह्यू येण्याआधी रीलोड करून, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावून, लॉग (सर्व्हरची नोंदवही) उपसण्याची हौस तुला असेल, मला नव्हती. डिस्कवरची फाइल आत्ता जशी आहे तशी तो वाचतो, त्यामुळे रीलोडपूर्वीच टायपिंगची चूक सापडते. मात्र चालू सर्व्हरने कोणते नियम उचलले आहेत, हे तो सांगत नाही. चुकीच्या फाइलवर रीलोड केले तर सर्व्हर मुकाट्याने जुन्याच नियमांवर चालत राहतो, लॉगमध्ये तेवढी कुरबुर करतो, आणि पुढे कधी रीस्टार्टची वेळ आली की उठतच नाही. तोवर फाइल बदलणारा बहुधा रजेवर असतो.

माझे म्हणणे एवढेच, की ज्यांना आत घ्यायचे त्यांच्याइतकेच ज्यांना अडवायचे त्यांच्या यंत्रांवरूनही जोडणी करून पाहावी. रेप्लिकेशनची, म्हणजे डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेणारी, जोडणी वेगळी तपासावी, कारण डेटाबेसच्या जागी लिहिलेल्या ‘ऑल’मध्ये ती येत नाही. यावर ‘एवढा वेळ कोणाला आहे’ असे उत्तर मिळाले. ट्रस्टची ओळ अजून जागेवरच आहे.

तुझे नव्या घराचे काम उरकले असेल. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. जोडण्या तपासायची तुझी ती यादी सोमवारच्या बैठकीआधी पाठव.

तुझा,
अविनाश